स्टिअरिंग हाती आलं, तोवर गाडीच बिनचालकाची!

मैत्रिणींनो, ‘गाडी ड्रायव्हरशिवाय चालते’ असं कुणी सांगितलं, की आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ठरलेली. ‘काहीतरीच काय! मग ब्रेक कोण मारतं, भूत?’ बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा अशीच हसाहशी झाली. पण हा विषय आता हसून सोडून देण्यासारखा राहिलेला नाही. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी धावू लागली. देशातली ती पहिली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, पिंक मार्गावरही तशी गाडी आली. आपल्या मुंबईत मेट्रो २अ आणि मेट्रो ७ यांचा पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याला सुरू झाला. त्या गाड्या बेंगळुरूच्या बीईएमएल कारखान्यात बनल्या आणि चालकाशिवाय धावण्याची सोय त्यांच्यात पहिल्यापासून आहे. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली. तिच्या गाड्यांतही तीच सोय. मुंबईत या गाड्या सुरू करताना पुढच्या केबिनमध्ये माणूस बसवला, हे खरं. पण उद्या तो उठला, तरी गाडी थांबणार नाही, हेही तितकंच खरं.

आता तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, ‘बाई गं, ते मुंबई-दिल्लीचं कौतुक आम्हाला कशाला? आमच्याकडं संध्याकाळची मुक्कामी एसटी वेळेवर आली, तरी आम्ही कुंथलगिरीचे पेढे वाटू!’ बरोबर आहे. पण जरा आपल्याच गल्लीत डोकावून बघा. धाराशिव, कळंब, भूम, परंडा, वाशी... एकेका गावातून किती पोरं पुण्या-मुंबईला टॅक्सी, टेम्पो, कंपनीची बस चालवायला गेलीत! दुष्काळाच्या सालात शेतानं हात वर केले, की याच स्टिअरिंगनं घरात पीठ-मीठ आणलं. तेव्हा गाडीतला चालक जाणार का, कधी जाणार आणि त्याच्या जागी कोण येणार, हा प्रश्न थेट आपल्या चुलीपाशी येऊन बसतो.

एकच सुगरण, भांडी वेगवेगळी

आधी हे यंत्र चालतं कसं, ते बघू. घाबरू नका, फार अवघड नाही. गाडी चालवणारा माणूस तीन कामं करतो. बघतो, ठरवतो आणि हात-पाय हलवतो. बिनचालकाच्या गाडीत बघण्याचं काम कॅमेरे करतात. जोडीला रडार असतं, आणि लेसर किरण सोडून समोरची वस्तू किती लांब आहे ते मोजणारं एक यंत्र असतं. त्याला लायडार म्हणतात. ठरवण्याचं काम संगणक करतो. समोर आहे ते माणूस आहे, म्हैस आहे, की वाऱ्यानं उडालेली कॅरीबॅग? पुढच्या दोन सेकंदांत ते कुठं सरकेल? थांबायचं, की बाजूनं जायचं? आणि तिसरं काम, म्हणजे चाक वळवणं, ब्रेक दाबणं, हे संगणकाच्या हुकुमानं आपोआप होतं.

आता खरी गंमत पुढं आहे. शहरात काय एकाच प्रकारची गाडी असते का? टॅक्सी असते, बस असते, सामानाची व्हॅन असते, रस्ता झाडणारी गाडी असते. प्रत्येकीसाठी वेगळी अक्कल तयार करायची, तर खर्च आणि वेळ दोन्ही फार. म्हणून कंपन्यांनी विचार केला, की बघणं आणि ठरवणं ही दोन कामं सगळ्या गाड्यांत जवळपास सारखीच आहेत. रस्ता ओलांडणारी म्हातारी टॅक्सीसमोर आली काय किंवा बससमोर आली काय, ती म्हातारीच! फरक पडतो तो तिसऱ्या कामात. उभे प्रवासी असलेली बस कचकन थांबवली, तर आतली माणसं एकमेकांवर आपटतील. झाडणारी गाडी मुळातच कडेकडेनं, मुंगीच्या पावलानं जाणार. म्हणून मेंदू एकच ठेवायचा आणि गाडीप्रमाणं हात-पाय तेवढे वेगळे शिकवायचे.

आपल्या भाषेत सांगायचं, तर एकच सुगरण आणि भांडी वेगवेगळी. कढई असो, तवा असो, नाहीतर लग्नघरातलं पातेलं असो. मीठ किती आणि आच किती याची जाण एकाच डोक्यात, हात मात्र भांड्याप्रमाणं फिरतो.

हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. चीनमधल्या ग्वांगझूची वीराइड ही कंपनी टॅक्सी, बस, सामानाची व्हॅन आणि रस्ते झाडणारी गाडी, सगळ्यांसाठी एकच मूळ प्रणाली वापरते. अमेरिकेतल्या वेमो कंपनीनं तर आपल्या या यंत्रणेलाच ‘ड्रायव्हर’ असं नाव दिलंय. गाडीचं मॉडेल बदललं, तरी ‘ड्रायव्हर’ तोच. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली ऑटोवेअर नावाची अशी प्रणाली सगळ्या जगासाठी खुली करून टाकली. म्हणजे पाककृती लपवून न ठेवता भिंतीवर लावली. ज्याला हवी त्यानं घ्यावी, आपल्या गाडीला बसवावी.

मेट्रोचं थोडं निराळं आहे. तिला रूळ असतात, त्यामुळं डावं-उजवं ठरवायचं नसतं. पूर्वी रुळाचे तुकडे पाडून एका तुकड्यात एकच गाडी सोडायची पद्धत होती. नव्या मेट्रोत प्रत्येक गाडी बिनतारी संदेशानं सतत सांगत राहते, की ‘मी इथं आहे, माझा वेग इतका आहे.’ त्यावरून यंत्रणा मागच्या गाडीला सांगते, की ‘तुला एवढ्यापर्यंत यायची परवानगी.’ वेग, थांबणं, दार उघडणं, सगळं त्या हिशेबानं. शेकडो गाड्यांवर नजर ठेवायला एक नियंत्रण कक्ष असतो. ड्रायव्हर गाडीतून उतरून त्या खोलीत जाऊन बसला, असं समजा ना!

चूकही सामाईक, शहाणपणही सामाईक

इथंच मला थांबावंसं वाटतं. मेंदू सामाईक झाला, की काय होतं?

चांगली बाजू आधी सांगते, कारण ती खरोखर मोठी आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. रोज साडेचारशेहून अधिक. त्यात ३२,८२५ नुसती पायी चालणारी होती. यातल्या कितीतरी घरांत आजही भिंतीवर हार घातलेला फोटो आहे आणि त्या फोटोखाली एक बाई एकटीनं संसार ओढतेय. दारू पिऊन गाडी हाणणारा, रात्रभर जागून डुलकी काढणारा, एका हातानं मोबाइल धरणारा चालक आपण सगळ्यांनी पाहिलाय. यंत्र दारू पीत नाही आणि झोपतही नाही. शिवाय एका गाडीला ठेच लागली, की तो धडा त्याच दिवशी हजार गाड्यांना देता येतो. माणसांचं तसं नसतं. प्रत्येक नव्या ड्रायव्हरला स्वतःच ठेच खावी लागते. म्हणून या यंत्राला सरसकट नाक मुरडणं मला पटत नाही.

पण दुसरी बाजू? एका ड्रायव्हरची चूक एका गाडीपुरती राहते. सामाईक मेंदूची चूक त्या मेंदूच्या सगळ्या गाड्यांत एकाच वेळी असते.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात २ ऑक्टोबर २०२३ ला एका बाईला आधी माणूस चालवत असलेल्या गाडीनं धडक दिली. ती उडून क्रूझ कंपनीच्या बिनचालकाच्या टॅक्सीपुढं पडली. टॅक्सीनं ब्रेक मारला, पण त्या बाईला धडक बसलीच. टॅक्सी थांबली. आणि मग ‘अपघात झाला, तर बाजूला हो’ या शिकवणीप्रमाणं ती कडेला सरकायला लागली. बाई खाली अडकलेली! सुमारे वीस फूट ती फरफटत गेली. माणूस असता तर खाली उतरून बघितलं असतं, किमान किंकाळी तरी ऐकली असती. तो दोष त्या एका टॅक्सीचा नव्हता. कंपनीनं ९५० गाड्यांची प्रणाली दुरुस्तीसाठी परत घेतली. सरकारनं परवाना स्थगित केला आणि वर्षभरानं, डिसेंबर २०२४ मध्ये, मूळ मालक असलेल्या जनरल मोटर्सनं त्या टॅक्सीसेवेतून अंगच काढून घेतलं.

दुसरा प्रसंग तर आपल्याला अगदी जवळचा वाटेल. लाइट जाणं! डिसेंबर २०२५ च्या २० तारखेला त्याच शहराच्या मोठ्या भागाची वीज गेली. सिग्नल बंद पडले. वेमोच्या टॅक्सी बंद सिग्नलपाशी येऊन अडखळू लागल्या. अशा वेळी ‘पुढं जाऊ का?’ असं दूर बसलेल्या माणसाला विचारायची त्यांना सोय आहे. पण सगळ्यांनी एकदम विचारलं. उत्तर देणारे मोजके आणि विचारणाऱ्या ढीगभर. गाड्या रस्त्यातच उभ्या राहिल्या आणि कंपनीला काही काळ सेवा थांबवावी लागली.

जिथं लाइट जाणं ही बातमी असते, तिथं हे झालं. आपल्याकडं लाइट येणं ही बातमी असते! ज्या गावांनी वर्षानुवर्षं भारनियमनाचं वेळापत्रक पाहून पीठ दळून घेतलंय, त्या गावांना हा धडा कुणी वेगळा शिकवायला नको.

बाई रस्त्यात कुठून आली?

आणखी एक घटना सांगते, कारण तिथला प्रश्न थेट आपला आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबर कंपनीच्या, चाचणीवर असलेल्या गाडीची धडक बसून ४९ वर्षांची एक बाई मरण पावली. ती हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. चौकशीत निघालं, की यंत्राला ती धडकेच्या सुमारे साडेपाच सेकंद आधीच दिसली होती. साडेपाच सेकंद म्हणजे थोडा वेळ नाही! पण यंत्र तिला कधी गाडी समजलं, कधी ‘इतर काहीतरी’, कधी सायकल. कारण पायी चालणारा माणूस झेब्रा पट्ट्यांशिवाय कुठंही रस्ता ओलांडू शकतो, हे त्या मेंदूत कुणी घातलंच नव्हतं.

आता सांगा, आपल्याकडं पट्ट्यांवरून रस्ता कोण ओलांडतं? मुळात पट्टे आहेत कुठं? आपल्या जिल्ह्यातून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग आठवा. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई लांबून माणसासारखी दिसतच नाही, झाडासारखी दिसते. कमरेवर लेकरू आणि डोक्यावर हंडा असला, तर यंत्राच्या हिशेबात ते एक माणूस की दोन? उसाच्या हंगामात पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात, मागं धड लाल दिवाही नसतो. फडाकडं निघालेली जोडपी, बैलगाड्या, त्यावर झोपलेली पोरं. हे सगळं परदेशातल्या मेंदूला कोण शिकवणार?

आणि आपली तुळजापूरची वाट? नवरात्रात भवानीमातेची ज्योत घेऊन पोरं रस्त्यानं धावत गावाकडं निघतात. अश्विन पौर्णिमेला तर सोलापूरहून हजारो भाविक रात्रभर चालत तुळजापूरला येतात. आयाबाया, म्हातारीकोतारी, अनवाणी. त्या काळात वाहतूक दुसरीकडं वळवावी लागते. तेव्हा रस्ता गाड्यांचा राहत नाही, चालणाऱ्यांचा होतो. आपल्या एसटीच्या ड्रायव्हरला हे कुणी सांगावं लागत नाही. तो हॉर्नसुद्धा बेतानं वाजवतो, काच खाली करून ‘आई राजा उदो उदो’ म्हणतो. ही समज नकाशात नसते. ती जिथल्या मातीत असते, तिथंच जाऊन घ्यावी लागते.

साडीचंच घ्या. दिल्लीतल्या इंदरलोक मेट्रो स्थानकावर १४ डिसेंबर २०२३ ला एका बाईचा कपडा डब्याच्या दारात अडकला, ती गाडीबरोबर ओढली गेली आणि दोन दिवसांनी रुग्णालयात तिनं जीव सोडला. पदरात लहान मुलं. ती गाडी काही बिनचालकाची नव्हती, पण दार बंद झालं की नाही हे ओळखणारा सेन्सर तिथंही होताच. हात किंवा पिशवी अडकली तर त्याला कळतं, पातळ कापड अडकलेलं त्याला कळलं नाही. मुंबईच्या नव्या मार्गांवर फलाटाच्या कडेला गाडीच्या दारासमोर आणखी एक सरकतं दार आहे, त्यानं बरीच सुरक्षितता येते. पण मुद्दा लक्षात घ्या. यंत्र बनवणाऱ्या टेबलाभोवती पदर सांभाळत गाडीत चढलेली एखादी बाई बसली असती, तर ‘पदर अडकला तर?’ हा प्रश्न तिनं पहिल्याच दिवशी विचारला असता.

आणि चूक झालीच, तर जबाबदार कोण? टेंपीच्या प्रकरणात गाडीत देखरेखीसाठी बसवलेली व्यक्ती मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती, तिला २०२३ मध्ये तीन वर्षांच्या परिविक्षेची शिक्षा झाली. कंपनीवर मात्र फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही. म्हणजे मेंदू कंपनीचा आणि मान मात्र पगारी माणसाची! दिल्लीतही चालकविरहित मेट्रोची तयारी चालू असताना १९ डिसेंबर २०१७ ला एक रिकामी गाडी कालिंदी कुंज आगाराची भिंत फोडून बाहेर आली. कारण काय निघालं? देखभालीनंतर ब्रेक न तपासता गाडी सोडली होती. यंत्र कितीही हुशार असू द्या, त्याच्या मागं कुठं ना कुठं माणूस असतोच. प्रश्न एवढाच, की तो माणूस आपल्याला सापडतो का.

आत्ता कुठं आपण पुढच्या सीटवर आलो होतो

आता मनातली बोच सांगते. साताऱ्याच्या सुरेखा यादव या आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. १३ मार्च २०२३ ला त्यांनी आपल्या शेजारच्या सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत एक्स्प्रेस चालवत नेली, तेव्हा आपल्या सगळ्यांचीच छाती भरून आली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. एसटीला पहिली महिला चालक मिळायला जून २०२३ उजाडला. एसटी सुरू झाली १ जून १९४८ ला! पंचाहत्तर वर्षं आपण मागच्या सीटवर होतो. आता पिंक ई-रिक्षा योजनेतून निवडक शहरांत बायका रिक्षा चालवू लागल्यात. आत्ता कुठं स्टिअरिंग आपल्या हाताला लागलं आणि तेवढ्यात म्हणे स्टिअरिंगच नको! सण आपल्या घरी आला आणि पुरण संपलं, अशी गत.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात स्पष्ट सांगितलं, की चालकांचे रोजगार जातील म्हणून बिनचालकाच्या मोटारी ते भारतात येऊ देणार नाहीत. त्यांची काळजी रास्त आहे. आमच्या ओळखीतल्या एका घरानं पोराच्या टॅक्सीसाठी सुनेचं सोनं गहाण टाकलंय, हप्ते अजून फिटायचेत. त्या सुनेला विचारा, रोजगार जाणं म्हणजे काय ते! पण मैत्रिणींनो, नुसत्या ‘येऊ देणार नाही’वर विसंबून चालत नाही. मंत्री बदलतात, धोरणं बदलतात. मेट्रोच्या रूपानं बिनचालकाची गाडी आलीसुद्धा, आणि तिला कुणी दारात अडवलं नाही. एटीएम आलं तेव्हाही कुणी आपल्याला विचारलं नव्हतं. म्हणून ‘येईल की नाही’ यावर वाद घालत बसण्यापेक्षा ‘आली तर कुठल्या अटींवर’ हे आतापासून बोललं पाहिजे.

माझ्या मते अटी तीन.

पहिली, ज्या रस्त्यावर गाडी चालणार, त्या रस्त्यावरच्या माणसांसमोर तिची परीक्षा झाली पाहिजे. नुसत्या गुळगुळीत कंपनीच्या आवारात घेऊन उपयोग नाही. भारा घेतलेली बाई, नऊवारीतली आजी, काठी टेकणारे आजोबा, रात्रीचा ट्रॅक्टर, जत्रेची गर्दी हे सगळं ओळखता येतं का, ते आधी दाखवा. मेंदू सामाईक आहे ना? मग आपल्या रस्त्याचा धडाही त्यात सामाईक होऊ द्या. धाराशिवच्या रस्त्यावर शिकलेलं उद्या झाशीच्या आणि जबलपूरच्या बाईलाही वाचवील.

दुसरी, गाडीत ड्रायव्हर नसेल, तर हाक मारल्यावर ओ देणारं माणूस हवं. तेही आपल्या भाषेत. रात्री दहाला रिकाम्या डब्यात एकट्या बसलेल्या पोरीला कॅमेरा पुरत नाही. बटण दाबलं की पलीकडून ‘बोल ताई, काय झालं?’ असा जिवंत आवाज आला पाहिजे. आपली एसटी कितीही खडखडाट करू दे, ‘मास्तर, तिकटीवर जरा थांबवा हो, लेकरू हाय’ म्हटलं की बेल वाजते. आणि अपघात झालाच, तर बोट खालच्या नोकराकडं न वळता मेंदूच्या मालकाकडं वळेल, असा कायदा आधी झाला पाहिजे.

तिसरी अट रोजगाराची. गाडीतली नोकरी जाणार असेल, तर नियंत्रण कक्षातली, देखभालीची, दुरुस्तीची नोकरी कुणाला मिळणार? मार्च २०२३ मध्ये मुंबई मेट्रोची आकुर्ली आणि एकसर ही दोन स्थानकं पूर्णपणे महिलांच्या हाती दिली गेली. ७६ जणी तिथं स्टेशन सांभाळू लागल्या. म्हणजे हे काम बायकांना जमतं, हे सिद्ध करायचं राहिलेलं नाही. शेजारी लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. आपल्या आयटीआयमध्ये पोरी शिवणकामाला आणि ब्युटी पार्लरच्या कोर्सला जातात, ते वाईट नाही. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात एखादीनं नाव घातलं, तर ‘पोरीला कशाला ते वायरीचं काम?’ असं म्हणणारे आपणच असतो. तेवढं आपल्याला आजपासून बंद करता येईल, त्याला कुठल्या मंत्रालयाची परवानगी लागत नाही. आणि जो मुलगा आज टॅक्सी चालवतोय, त्याला हप्ते फेडायला आणि नवं काम शिकायला उसंत मिळावी, ही जबाबदारी जे या यंत्रातून नफा कमावणार त्यांची आणि सरकारची.

यातलं आपल्या हातात काय आहे, असं विचाराल. बरंच आहे. ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघतो तेव्हा गतिरोधक, पथदिवे, बसथांबा आणि रस्ता ओलांडायची जागा मागा. जिथं माणसाला रस्ता नीट दिसत नाही, तिथं यंत्राला काय दिसणार? हे काम बिनचालकाची गाडी येवो न येवो, आजच्या ड्रायव्हरसाठीही लागणारच आहे. कारखान्यावर जाणाऱ्या ट्रॉलीला मागं चमकणारी पट्टी लावली का, हे घरधन्याला विचारा. पाच-पन्नास रुपयांची ती पट्टी कुणाचं तरी कुंकू वाचवते. महिला मेळाव्यात आमदार-खासदार भेटले, तर साड्या-भांड्यांच्या जोडीला हेही विचारा, की ‘साहेब, बिनचालकाच्या गाड्यांचा कायदा करताना आमच्या जिल्ह्याचं म्हणणं कोण मांडणार?’ ते क्षणभर गडबडतील. गडबडू द्या!

शेवटी गाडी लोखंडाचीच असते. तिला अक्कल माणूसच देतो, आणि ज्याच्या त्याच्या अनुभवाइतकीच ती अक्कल असते. आजवर रस्ते झाले ते चाकांचा विचार करून, गाड्या झाल्या त्या आत बसणाऱ्याचा विचार करून. रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या बाईचा विचार कायम शेवटी झाला. आता सगळ्या गाड्यांसाठी एकच मेंदू नव्यानं घडतोय, पाटी अजून बरीचशी कोरी आहे. त्या पाटीवर आपलं पाऊल उमटवायची हीच वेळ आहे. एकदा का अक्षरं पक्की झाली, की मग पुसायला पुन्हा पंचाहत्तर वर्षं लागायची!